फणसाने मागितलेली वेळ

"आज फणसानं परत वेळ मागितली बघ."

हेमाताईंनी हे वाक्य सिंगापूरच्या वन-नॉर्थ स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, चारचौघांना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं आणि आमच्या पुढे उभं असलेलं एक जोडपं गर्रकन वळलं. गळ्यात कंपनीचे पास, पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा, चेहऱ्यावर सरळसरळ कोथरूड. मराठी कानावर पडल्याचा आनंद आणि पडलं त्याचा अर्थ न लागल्याचा गोंधळ, असं दोन्ही त्यांच्या तोंडावर एकदम दिसत होतं. हेमाताई त्यांच्याकडे बघून प्रसन्न हसल्या आणि पुढे म्हणाल्या, "चिकू नेहमीसारखा गप्प. डुरियनच्या तोंडाचा पट्टा मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू होता." गाडी आल्यावर ते दोघं आमच्याच डब्यात चढले, पण जरा अंतर राखून उभे राहिले.

मी खुलासा करायच्या भानगडीत पडलो नाही. तो लांबला असता आणि मला बोटॅनिक गार्डन्सला उतरून बुकित पंजांगची गाडी पकडायची होती. हेमाताई पुढे सेम्बावांगला जायच्या. रोजचा एवढा टप्पा आम्ही बरोबर करायचो, आणि तेवढ्यात त्या मला दिवसभराची सगळी फळं ऐकवायच्या.

डॉक्टर हेमलता शेटे माझ्या सहकारी. एका विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात आमची टेबलं समोरासमोर होती. या भागातल्या देशांची मिळून एक संघटना आहे. देशोदेशीचे अधिकारी तिच्यातर्फे एकत्र बसतात आणि सगळ्यांना लागू होतील अशी धोरणं ठरवतात, किंवा निदान ठरवायचं ठरवतात. अशी अनेक देशांची मिळून एक धोरणं कशी जन्माला येतात, कशी अडतात, हा आमच्या केंद्राचा अभ्यासाचा विषय. मी तो आकड्यांनी करतो. बैठकांची जाहीर इतिवृत्तं घ्यायची, कोणता देश किती वेळा काय म्हणाला ते मोजायचं आणि मॉडेलमध्ये घालायचं. हेमाताई बैठकीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायच्या, आणि समोरची माणसं जे करतायत त्याचा त्यांच्या लेखी काय अर्थ आहे ते शोधायच्या. त्यांच्या विषयात याला अन्वयार्थाची पद्धत म्हणतात. मी याला गप्पा मारणं म्हणायचो, आणि त्यांच्या तोंडावर म्हणायचो.

बैठकीत बसू देण्याच्या बदल्यात त्यांनी अधिकाऱ्यांना शब्द दिला होता. इतिवृत्तात नसलेलं, कुठला देश काय बोलला, त्यानं काय केलं, ते बाहेर कुणालाही कळणार नाही. म्हणून प्रत्येक देशाला त्यांनी एक फळ वाटून दिलं होतं. माझ्यासारखा माणूस अशा वेळी सरळ अ, ब, क करतो. तसं मी सुचवलंही. "अक्षरांना स्वभाव नसतो रे बाबा," त्या म्हणाल्या. "फणसाला आहे. रांबुतानला आहे." सीताफळ मात्र त्यांनी कुणालाच दिलं नव्हतं. ते त्यांचं आवडतं फळ होतं आणि त्यांना पक्षपात करायचा नव्हता.

हेमाताई बार्शीच्या. सुती साडी, खाली पांढरे धावायचे बूट, आणि केंद्रातल्या एसीवर उपाय म्हणून साडीवर एक पुरुषी करडा स्वेटर, अशा थाटात त्या वावरायच्या. जिल्ह्याच्या एका सरकारी कचेरीत त्या कारकून म्हणून लागल्या, नोकरी करता करता एमए झाल्या, पीएचडी झाल्या, आणि चाळिशी उलटल्यावर पेन्शनची नोकरी सोडून इथे संशोधक म्हणून आल्या. त्यांच्या थोरल्या भावाला हे शेवटपर्यंत पटलं नाही. तो गावात सांगायचा, की आमची हेमा सिंगापूरला लोक चहा कसा पितात ते बघायला गेलीय. "आणि त्याचं काही चुकत नाही," असं हेमाताईच हसत हसत सांगायच्या. चहा कोण कुणाला आणून देतं याकडे त्यांचं खरोखरच बारीक लक्ष असायचं.

त्यांची पद्धत काय चीज आहे ते मला त्या आल्या त्याच आठवड्यात कळलं. मी त्यांना जेवायला जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, नेलं होतं. दुपारची गर्दी, हातात ट्रे, बसायला जागा नाही. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांची छोटी पुडी पडलेली होती. हेमाताईंनी ती उचलली आणि नुकत्याच तिथून उठून गेलेल्या गृहस्थांच्या मागे धावल्या. तुमची वस्तू राहिली म्हणून. ते गृहस्थ शांतपणे परत आले, पुडी होती तिथेच ठेवली आणि रांगेत जाऊन उभे राहिले. मग मी त्यांना सांगितलं, की इथे अशी पुडी ठेवली की टेबल धरलं असं समजतात.

दुसरं कुणी ओशाळलं असतं. हेमाताईंचे डोळे चमकले. "म्हणजे रुमाल!" त्या म्हणाल्या. "आमच्या स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून आत रुमाल टाकतात, तसाच." आणि जेवण तिथेच ठेवून त्या टेबलाटेबलावर विचारत सुटल्या. कुणी तुमची पुडी बाजूला सारून बसलं तर तुम्ही काय कराल? एक आजोबा म्हणाले, भांडणार नाही, त्याच्या आईनं शिकवलं नाही असं समजेन. एक मुलगी म्हणाली, फोटो काढेन. बांधकामावरचा एक तमिळ कामगार म्हणाला, मी पुडी ठेवतच नाही, माझी कुणी मानेल की नाही मला माहीत नाही. हे शेवटचं उत्तर ऐकून त्या बराच वेळ त्याच्याशेजारी बसल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा भात गार झाला होता आणि माझं जेवण संपलं होतं. "नियम कुठंच लिहिलेला नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे," गार भात कालवत त्या म्हणाल्या. "आणि ज्याला लागू नाही, त्यालाही पाठ आहे. हे तुझ्या मॉडेलमध्ये कुठल्या रकान्यात घालणार?" मी म्हटलं, पुड्या मोजता येतील. त्यावर त्यांनी मला पिशवीतून शेंगांची चटणी काढून दिली, बहुधा दया म्हणून.

त्यांचा अभ्यास ज्या बैठकांवर चालला होता, त्यांचा विषय होता घरगुती आंबवलेले पदार्थ. माशांची पेस्ट, कोळंबीची पेस्ट, लोणची. हे पदार्थ छोट्या छोट्या गावांतले बायकांचे गट करतात. ते सीमेपलीकडे विकता यावेत म्हणून सगळ्या देशांत एकच नियम करायचा, असं कधीपासून घाटत होतं. आणि हेमाताई कट्टर शाकाहारी. अंड्याच्या केकलाही हात न लावणारी बाई दोन वर्षं माशांच्या पेस्टवर घालवते, हे मला मोठं गमतीचं वाटायचं. बैठकीत वाटलेले नमुने त्या न चुकता आणायच्या आणि माझ्यापुढे ठेवायच्या. मी वेंगुर्ल्याचा, मला काय, चंगळच.

"खा, आणि सांग."

"छान आहे. खारट, जरा उग्र..."

"चव नको सांगूस. खाताना कोण आठवलं ते सांग."

मला आठवली माझी आत्या. पावसाळ्याआधी सुके बांगडे बरणीत भरणारी, आणि बरणीला कुणी हात लावला तर घर डोक्यावर घेणारी. मी बोलत सुटलो. हेमाताई काही म्हणाल्या नाहीत. गप्प बसणं हे त्यांचं खरं हत्यार होतं. समोरचा माणूस त्यांची शांतता भरून काढण्यासाठी बोलायला लागायचा.

दुसरं हत्यार म्हणजे एक प्रश्न. प्रत्येक अधिकाऱ्याला त्या तो विचारायच्या, आणि तोही सगळ्यात शेवटी, वही बंद करून, पिशवी उचलताना. "संध्याकाळी घरी गेल्यावर या बैठकीबद्दल तुम्ही काय सांगता?" माणूस साहेबाला एक सांगतो, वर्तमानपत्राला दुसरं सांगतो, पण आपण दिवसभर काय केलं असं त्याला स्वतःला वाटतं ते घरी सांगतो, असा त्यांचा हिशेब. एकदा मलाही विचारलं.

"मी घरी काहीच सांगत नाही," मी म्हटलं. "रेवाचा अभ्यास असतो, जेवण असतं."

"म्हणजे तू दिवसभर काय करतोस ते तुझ्या मुलीला माहीतच नाही?"

"तिला वाटतं मी एक्सेल करतो."

माझी मुलगी रेवा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला हेमाताई आवडायच्या, पण त्यांच्याबरोबर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायला ती लाजायची. "पपा, आंटी सो लाउड लाह. व्हाय ऑलवेज टॉकिंग अबाउट फ्रूट?" असं तिनं एकदा इथल्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं होतं. मी म्हटलं, त्यांना फळं आवडतात.

आता मुख्य गोष्ट. नियम अडला होता तो एका कलमावर. प्रत्येक देशानं आपला माल आपल्या प्रयोगशाळेत तपासून मगच बाहेर पाठवावा, असं ते कलम होतं. बैठकीत बोलायची पाळी बसल्या क्रमानं यायची. या कलमावर चर्चा आली, की फणसाचे प्रतिनिधी आपल्या पाळीला नम्रपणे म्हणायचे, "आम्हाला वेळ हवा. राजधानीत विचारावं लागेल." की चर्चा तिथेच थांबायची, चहा यायचा आणि कलम पुढच्या बैठकीवर जायचं. दर वेळी हेच. माझ्या मॉडेलला हे स्पष्ट दिसत होतं. सगळ्या अडथळ्यांत फणस पहिला, आणि ज्यानं एकदाही हरकत घेतली नाही तो चिकू नियमाचा सगळ्यात मोठा पाठीराखा. आमच्या प्रमुख प्रोफेसर सिम यांना तो आलेख फार आवडला. फणसाला वगळून बाकीच्यांनी पुढे जावं, अशी शिफारस अहवालात करायची, असं जवळजवळ ठरलं.

"चूक आहे," हेमाताई म्हणाल्या.

"कशावरून?" प्रोफेसर सिमनी विचारलं. त्या मोजकं बोलतात.

"अजून माहीत नाही. पण ते गृहस्थ अडवणारे वाटत नाहीत."

वाटत नाहीत! संशोधन केंद्रात असं कुणी बोलतं का? त्यातच हेमाताईंच्या कामावर बाहेरच्या परीक्षकांचा शेरा आला होता, की या पद्धतीत निष्कर्ष पडताळून बघता येत नाहीत. करार संपत आला होता. प्रोफेसर सिमनी त्यांना बोलावून सरळ सांगितलं. संघटनेचे अधिकारी आमच्या कार्यशाळेला येणार होते, परीक्षकांपैकीही एक जण येणार होते. त्यांच्यापुढे ठोस काही मांडता आलं तर करार वाढेल, नाहीतर नाही. करार नाही म्हणजे इथे राहायचा पास नाही, आणि पास नाही म्हणजे बार्शी. तिथली नोकरी त्यांनी आधीच सोडलेली. त्या दिवशी गाडीत त्या फळांबद्दल काही बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि मी ते नेहमीप्रमाणे चेष्टेवर नेलं. "डुरियनची तब्येत बरी आहे ना?"

पुढच्याच बैठकीत त्यांना ते सापडलं. फणसानं वेळ मागितली, चहा आला, आणि चिकूच्या प्रतिनिधी, एक तरुण बाई, स्वतः उठून फणसाच्या वयस्कर प्रतिनिधींसाठी कप घेऊन गेल्या. मागच्या वेळीही त्यांनीच नेला होता, हे हेमाताईंना आठवलं. त्याच्या आधीही. चिकूची खुर्ची फणसाच्या लगेच पुढची. म्हणजे फणसानं वेळ मागितली नसती, तर पुढची पाळी चिकूची होती.

संध्याकाळी त्यांनी फणसाच्या प्रतिनिधींना गाठलं. बाटिकचा शर्ट, निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे गृहस्थ. वही बंद करून, पिशवी उचलून त्यांनी आपला प्रश्न टाकला. घरी काय सांगता? त्यांनी आपली फाईल मिटली. मग म्हणाले, "बायको विचारते, त्या पोरीला आजही बोलावं लागलं नाही ना? मी सांगतो, नाही लागलं."

चिकूच्या देशात तसली प्रयोगशाळाच नव्हती. नियम झाला तर त्यांच्या बायकांचा माल घरातच राहणार होता. पण हे भर बैठकीत, सगळ्या शेजाऱ्यांसमोर सांगायचं कसं? त्या खोलीचा एक न लिहिलेला नियम होता. कुणी नाही म्हणायचं नाही, आणि दुसऱ्या कुणावर नाही म्हणायची वेळ आणायची नाही. फणसाकडे उत्तम प्रयोगशाळा होत्या. त्याला नियमाची काहीच अडचण नव्हती. तो दर वेळी शेजारणीची लाज राखायला आपल्या अंगावर अडवणुकीचा ठपका घेत होता.

"आमच्याकडे साहेब फाईलवर 'चर्चा करावी' असं लिहून ठेवायचे," हेमाताईंनी मला गाडीत सांगितलं. "बाहेरच्यांना वाटायचं साहेबांनी अडवली. आम्हाला ठाऊक असायचं, की खालच्या कुणाची तरी चूक निस्तरायला वेळ दिलाय. इतकी वर्षं त्यातच काढली मी, आणि इथं ओळखायला इतका उशीर लावला बघ." त्यांचा आवाज आनंदानं भरून आला होता. डब्यातले लोक बघत होते. त्यांना पर्वा नव्हती.

मी म्हटलं, "मग झालं तर. कार्यशाळेत सांगा, करार खिशात."

"सांगू कसं?" त्या म्हणाल्या. "जे झाकायला त्या माणसानं एवढी वर्षं शिव्या खाल्ल्या, ते मी चव्हाट्यावर मांडू?"

हा पेच मात्र खरा होता. सांगितलं नाही तर नोकरी जाणार, सांगितलं तर शब्द मोडणार, आणि वर चिकूची मान खाली जाणार. फळांची नावं त्या खोलीत काय कामाची? तिथे प्रत्येकाला आपलं फळ बरोबर ओळखता आलं असतं. आधी त्यांनी एक केलं. जे समजलं ते लिहून दोघांना वेगवेगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, हे असंच आहे का? ही त्यांची रीतच होती. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना स्वतःची ओळख पटली नाही, तर तो कागद त्या फाडून टाकायच्या. दोघंही म्हणाले, असंच आहे. दोघंही म्हणाले, पण हे तिथे वाचू नका.

कार्यशाळेच्या दिवशी मी आधी बोललो. माझ्या आलेखात देशांची नावं नव्हती, पण ती उंच लाल पट्टी कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं. फणसाचे गृहस्थ मंद हसत पाणी प्यायले. चिकूच्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या. बाहेरचे परीक्षक माझ्या आलेखाचा फोटो काढत होते. हे सगळं मी पाहिलं, आणि मला माझा आलेख पहिल्यांदाच लवकर संपावासा वाटला.

मग हेमाताई उठल्या. स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला. पडद्यावर काही नाही, हातात कागद नाही. "मी आमच्या गल्लीची गोष्ट सांगते," त्या म्हणाल्या. प्रोफेसर सिमनी डोळे मिटले.

"आमच्या गल्लीत उन्हाळ्यात बायका मिळून पापड लाटतात. लाटायचे सगळ्यांनी मिळून, वाळवायचे ज्याचे त्यानं आपापल्या गच्चीवर. दिवस ठरवायला सगळ्या जमल्या, की सगळ्यात मोठी गच्ची असलेली बाई म्हणते, थांबा, मला घरी विचारू दे. दर वर्षी उशीर होतो. गल्ली म्हणते, ती भाव खाते. खरी गोष्ट अशी, की गल्लीत एक भाडेकरू बाई आहे. तळमजल्यावर एक खोली. तिला गच्ची नाही. दिवस ठरला की सगळ्या तिला विचारणार, तुझे कुठे वाळवणार? तो प्रश्न येऊ नये म्हणून मोठ्या गच्चीवाली वेळ मागते." त्या थांबल्या. "आता ऊन सरत आलंय. पीठ तसंच पडलंय. गल्लीनं काय करावं? मला उत्तर माहीत नाही. गच्च्या तुमच्याकडे आहेत."

आणि त्या चक्क खाली बसल्या. हेमाताई गप्प बसल्या होत्या, आणि त्यांच्या गप्प बसण्यापुढे किती वेळ टिकाव लागतो हे मी रोज भोगत होतो. परीक्षक घड्याळ बघायला लागले.

फणसाचे गृहस्थ पुढे झुकले. "मोठ्या गच्चीवालीनं म्हणावं," ते सावकाश म्हणाले, "की माझ्या गच्चीवर कबुतरं फार झालीत. यंदा माझेही थोडे पापड मी शेजारी वाळवीन म्हणते." काही जण हसले. ते हसले नाहीत. "त्यावरून आठवलं. आमच्या प्रयोगशाळेवर कामाचा फार ताण आहे. आमचा काही माल दुसऱ्या सदस्य देशात तपासून घेता आला, तर सोयीचं होईल. ती मुभा सगळ्यांनाच द्यावी, असं कलमात लिहिता येईल का?"

त्यांनी वेळ मागितली नाही.

रांबुतान म्हणालं, आमच्याकडेही ताण आहेच. डुरियननं तर आपल्या प्रयोगशाळेची कर्मकहाणी इतकी लांबवली, की शेवटी त्याला थांबवावं लागलं. एका दुपारी या भागातल्या सगळ्या प्रयोगशाळा अचानक कामाखाली पिचून गेल्या. मग पाळी चिकूची आली. त्या तरुण बाईंनी मान वर केली आणि सरळ समोर बघत म्हटलं, "आमचा या कलमाला पाठिंबा आहे." इतकी वर्षं अडलेलं कलम चहाच्या आधी सुटलं.

चहाच्या वेळी परीक्षक हेमाताईंना गाठून म्हणाले, "पण तुमचा निष्कर्ष तुम्ही पडताळला कसा?"

"आत्ताच तर पडताळला," हेमाताई म्हणाल्या. "तुम्ही समोरच होतात की."

तेवढ्यात चिकूच्या बाई आल्या. त्या दिवशी त्यांच्या हातात दोन कप होते. एक त्यांनी फणसाच्या गृहस्थांना दिला आणि दुसरा हेमाताईंना. मला तेव्हा रुमाल काढावा लागला, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण हेमाताईंना मी त्या वेळी एसीमुळे सर्दी झाल्याचं सांगितलं होतं.

करार वाढला. अहवाल निघाला तो त्यांच्या नावानं, फळांसकट, आणि चिकूची हकीकत त्यात आली ती त्या बाईंनी स्वतः हो म्हटल्यावर. नियम झाला होता, आता त्यात लाजण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझा आलेख परिशिष्टात गेला. माझं मॉडेल चुकलं नव्हतं, असं माझं आजही म्हणणं आहे. कलम फणसापाशी अडत होतं हे त्यानं बरोबर सांगितलं होतं, का अडत होतं ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं. प्रोफेसर सिमनी आता नवीन येणाऱ्या प्रत्येक संशोधकाला, आकडेवाल्यालासुद्धा, एक महिना नुसतं बैठकीत बसायला लावायचा नियम केला आहे. मी विरोध केला नाही. गल्लीची गोष्ट खरी आहे का, असं मी हेमाताईंना एकदा विचारलं होतं. "गल्ली खरी आहे," त्या म्हणाल्या.

वर्षभरानं संघटनेनंच त्यांना आपल्या मुख्य कार्यालयात बोलावून घेतलं. दुसरा देश, मोठं पद, आणि अडलेली कलमं हवी तेवढी. थोरल्या भावानं फोनवर विचारलं, "म्हणजे पेन्शन मिळणार का?" या म्हणाल्या, नाही. "मग जिंकलंस काय?" या म्हणाल्या, "फणस." हे मला सांगताना त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की सगळ्या मजल्यावरची डोकी वर आली.

केंद्रातल्या त्यांच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे गाडीत बसलो. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. हॉलंड व्हिलेज गेल्यावर त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. आत गडद तपकिरी पेस्ट. झाकणावर नव्या सामायिक नियमाचा शिक्का.

"चिकूची," त्या म्हणाल्या. "इथल्या दुकानात आली. मी घेतली."

"तुम्ही काय करणार तिचं?"

"वास घेणार," असं म्हणून त्यांनी ती बंद बाटलीच नाकाशी धरली आणि डोळे मिटले. तेव्हा माझं लक्ष गेलं. बाटलीवरच्या लेबलला त्यांनी चारी बाजूंनी कागद गुंडाळून रबरबँड लावला होता. देशाचं नाव दिसू नये म्हणून. नियम झाला, अहवाल निघाला, त्या स्वतः निघाल्या, तरी शब्द म्हणजे शब्द.

बोटॅनिक गार्डन्स आलं. मी उतरलो आणि मागे वळलो. दाराच्या काचेपलीकडे हेमाताई उभ्या होत्या, करडा स्वेटर, पांढरे बूट, आणि कागदात गुंडाळलेली ती बाटली ढाल मिळाल्यासारखी डोक्यावर धरलेली. काहीतरी ओरडून सांगत होत्या. दार बंद झालं होतं, ऐकू काहीच आलं नाही. आजूबाजूचे लोक मात्र सगळे त्यांच्याकडे बघत होते.

घरी आलो. रेवा जेवायला बसली होती. मी हातपाय धुऊन तिच्यासमोर बसलो आणि कुणी न विचारता सांगायला लागलो. फणसानं वेळ मागण्यापासून बाटलीपर्यंत सगळं. तिचा घास हातातच राहिला.

"सो आंटी वन?" शेवटी तिनं विचारलं.

"जिंकली," मी म्हटलं. "पूर्ण जिंकली."

तिनं हातातला घास तोंडात टाकला. मग म्हणाली, "पपा, चिकू इज विच कंट्री?"

कार्यशाळेत सगळ्यांच्या पुढ्यात देशांच्या पाट्या होत्या. मी अगदी समोर बसलो होतो.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"यू नो लाह, पपा."

"जेव आता," मी म्हटलं.